दक्षिण काशीत सोडलेला गहू

जिभेवर विजय मिळवणं हे माणसाच्या हातून होणाऱ्या कामांतलं सर्वांत अवघड काम, आणि आमच्या घराण्यात ते एकाच व्यक्तीला साधलं. ती व्यक्ती मी. हे माझं म्हणणं नाही. माझे सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणत असे, ते हे वाक्य आल्यागेल्याला ऐकवत. बहुधा भरपेट जेवण झाल्यावर, अडकित्त्याने सुपारी कातरता कातरता. त्यांच्यामागे दिरांनी ते चालू ठेवलं, आता पुतणे चालू ठेवतात. घरात नवी सून आली की तिला माझ्या पाया पडायला लावतात आणि हळूच सांगतात, 'यांनी ऐन विशीत गहू सोडला.'

विशीत गहू सोडला एवढं खरं आहे. बाकीचं एकदा लिहून ठेवावं म्हणून हा खटाटोप.

गव्हात एक चिकट द्रव्य असतं. ते काही थोड्या माणसांच्या आतड्यांना सोसत नाही. आतड्यांचं अस्तर झिजतं आणि खाल्लेलं अंगी लागत नाही. या दुखण्याला सीलिअ‍ॅक म्हणतात, हे मला माझे केस पांढरे झाल्यावर पुण्याच्या एका डॉक्टरांनी सांगितलं. मी लिहिते आहे ती एकोणीसशे चाळीसनंतरची, लढाईची आणि रेशनची वर्षं. तेव्हा सांगलीत हे कोणाला ठाऊक नव्हतं, आणि बहुधा लंडनातही नव्हतं. त्यामुळे मी कोणाला दोष देत नाही. वैताग तेवढा अजून शिल्लक आहे.

माझं माहेर साताऱ्याचं. वडील शाळामास्तर. आमच्याकडे सकाळी आमटी-भात, संध्याकाळी ज्वारीची भाकरी. पोळी सणाला, नाहीतर पाहुणा आला तर. सणाच्या दुसऱ्या दिवशी माझं पोट बिघडे, पण सणाच्या दुसऱ्या दिवशी निम्म्या गावाचं पोट बिघडलेलं असतं. त्याचा कोणी शोध घेत नाही.

मग लग्न होऊन मी सांगलीला आले. सांगलीतही बहुतेक घरी भाकरीच होती. पण मामंजी मामलेदार म्हणून निवृत्त झाले होते, आणि पेन्शनीत आल्या दिवसापासून घरात दोन्ही वेळा पोळीच होईल असं त्यांनी ठरवलं होतं. नदीकाठच्या जमिनीतून गहू घरी येई. रेशनच्या दुकानापुढे लोक कसल्याशा लाल परदेशी ज्वारीसाठी रांगा लावत तेव्हा मामंजी ओसरीवर बसून सांगत, 'आमच्या घरात भाकरीचा तवाच नाही.' ज्या आवाजात लोक 'आमच्यावर कर्ज नाही' असं सांगतात, त्या आवाजात.

वर्षभरात माझी पार रया गेली. जेवलं की पोट नगाऱ्यासारखं फुगे, परसाकडे धावावं लागे, तोंड कायम आलेलं, केस फणीला पुंजक्याने येत. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवता येत. भेटायला येणाऱ्या बायकांना सासूबाई त्या सरकवून दाखवत. चहाआधीचा तो कार्यक्रमच झाला होता. मला एकच फायदा झाला. मामंजींच्या कपाटात कापडी बांधणीची पुस्तकं होती, त्याची किल्ली त्यांच्या जानव्याला असे आणि ती पुस्तकं कधी उघडली जात नसत. ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मामंजी किल्ली काढून ठेवून आंघोळीला गेले असताना ती लांबवून मला एकेक पुस्तक आणून दिलं. आजारी माणसाला वाचायला वेळ भरपूर असतो. त्या वर्षात मी इंग्लंडचा इतिहास संपवला आणि रोमचा निम्मा केला.

औषधाला वैद्यबुवा आले. ते नाडी बघताना डोळे मिटून घेत आणि इतका वेळ उघडत नसत की त्यांना डुलकी लागली की काय अशी मला शंका येई. शेवटी ते 'ग्रहणी' म्हणाले, म्हणजे खाल्लेलं न पचण्याचा जुनाट रोग, आणि खोलीतले सगळे निकाल लागल्यासारखे गप्प झाले. त्यांनी मला नुसत्या ताकावर ठेवलं. ताकावर मी सुधारले. हे त्यांचं यश. मग शक्ती भरून यावी म्हणून त्यांनी गव्हाचं सत्त्व आणि तुपात कुस्करलेली पोळी सुरू केली, आणि मी पुन्हा आडवी झाले. हे माझं अपयश. 'पथ्य मोडलं असणार,' ते म्हणाले. पुन्हा ताक, पुन्हा सुधारणा, पुन्हा सत्त्व. मधे एका डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी वैद्यबुवांना अडाणी ठरवलं, सत्त्व ताबडतोब बंद केलं आणि त्याऐवजी पाव आणि बिस्किटं सांगितली.

उन्हाळ्यात मला माहेरी पाठवलं. महिन्याभरात गाल भरले. परत आले, आणि पंधरा दिवसांत बांगड्या पुन्हा कोपराला. वडील म्हणाले, सांगलीचं पाणी जड. मामंजी म्हणाले, साताऱ्याचं पाणी फार हलकं, त्याने हिचा कोठा नाजूक झाला. साताऱ्याजवळ माहुलीला जी कृष्णा वाहते तीच खाली सांगलीला येते, हे मी दोघांच्याही कानांवर घातलं. दोघांनाही ते पटलं नाही. वडील तर पुढच्या भेटीला तांब्याची घागर भरून साताऱ्याचं पाणी घेऊन आले, मिरजेच्या फलाटावर सांडत सांडत. सासूबाईंनी ती घागर मुकाट्याने मोरीत नेली आणि भांडी घासायला दिली.

सासूबाईंचं पाण्यावर मत नव्हतं. 'माहेरी बरी आणि सासरी आजारी,' त्या म्हणत. 'याचा अर्थ सांगायला वैद्य कशाला हवा?'

त्यांच्या मामेबहिणीची मुलगी कऱ्हाडला लग्नाची होती. तिचं नाव आधी सणासुदीला निघे, आता दर आठवड्याला निघू लागलं: ती कशी खाऊनपिऊन खणखणीत आहे, दोन घागरी घेऊन घाट कशी चढते. एकदा तांदूळ निवडताना सासूबाईंनी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं.

'हे बघ, मी काही वाईट नाही. पण माझ्या मुलाने जन्मभर तुझ्या उशाशी बसायचं का? दिवाळीपर्यंत बघू. नाहीतर तू आपली माहेरी सुखाने राहा. दरवर्षी दोन लुगडी पाठवू.'

दुसरी बायको करायला तेव्हा कोणाची ना नव्हती. मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, 'आईच्या मनात तसं काही नसतं गं.' आईच्या मनात काय नसतं ते ह्यांना नेहमी ठाऊक असे. काय असतं ते नसे.

तेव्हा मलाच विचार करणं भाग पडलं. देवावर माझा फारसा विश्वास कधीच नव्हता, पण उपास घरात सगळ्यांनाच असत. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी मी बरी असे. लागून दोन उपास आले की अधिक बरी. उपासाला वऱ्याचे तांदूळ, साबुदाणा, राजगिरा, बटाटा. ताकावर बरी. साताऱ्याला भाकरीवर बरी. या सगळ्यांत जे नव्हतं ते एकच. रोमच्या पडझडीची कारणं मला तोंडपाठ होती आणि हे मला वर्ष उलटून गेल्यावर दिसलं, कारण त्या घरात पोळी ही खाण्याची वस्तू नव्हतीच, ती मानाची पायरी होती.

एके दिवशी पुरुषांची पंगत बसलेली असताना, वाढता वाढता, मी सांगितलं.

'मला वाटतं, मला गहू सोसत नाही.'

मामंजींचा घास हातात राहिला. 'काय सोसत नाही?'

'गहू. पोळी.'

'अगं, पंजाबातले शीख गव्हावर वाढतात! तोफा ओढतात! इंग्रज पाव खाऊन अर्ध्या जगावर राज्य करतोय. आणि तुला गहू सोसत नाही?'

'इंग्रजाला सोसत असेल.'

'ऐकलंत?' सासूबाई चुलीजवळून म्हणाल्या. 'आपल्या घरचं अन्न हिला सोसत नाही म्हणे.'

झालं. मी पोटाबद्दल बोलले होते, ऐकणाऱ्यांनी ते घराबद्दल ऐकलं. मी साधा उपाय सुचवला, मला भाकरी चालेल. मामंजींनी पानाभोवती पाणी फिरवावं तितक्या गंभीरपणे मान फिरवली. 'मामलेदाराच्या सुनेला कोरडी भाकरी घालतात, असं गावात होऊ द्यायचं?' हे खाली मान घालून जेवत होते. त्यांनी आणखी एक पोळी मागितली.

सांगून उपयोग नव्हता म्हणून मी उपासांना लागले. सोमवार, गुरुवार, शनिवार, दोन्ही एकादश्या, चतुर्थी. मधले दिवस कोणत्या देवाच्या नावावर घालावेत याचा मी पंचांग उघडून विचार करी. सासूबाई खूश झाल्या. पोर आजारी असली तरी वळणावर येते आहे असं त्या शेजारी सांगू लागल्या. पण साबुदाणा समुद्रापलीकडून येई. तिकडची बेटं जपान्यांनी घेतली आणि बाजारातून साबुदाणा नाहीसा झाला. लढाईचा फटका पुष्कळांना बसला, त्यात माझ्या भक्तीलाही बसला. बटाट्यावर आणि वऱ्याच्या तांदळावर माणूस किती दिवस काढणार?

आमच्याकडे भांडी घासायला नदीपलीकडच्या वस्तीवरची एक बाई येई. ती दुपारची भाकरी फडक्यात बांधून आणी. मी माझ्या वाटणीच्या पोळ्या पदराखालून तिला दिल्या आणि तिची भाकरी मागितली.

'आवं वैनीबाई, याड लागलं का काय तुमाला? पोळी मला आन् भाकरी तुमाला?'

'दे गं. मला आवडते.'

'देती की. पर मामलेदारांनी बघितलं तर माजी भांडी जातील आन् तुमचं डोस्कं.'

काही दिवस हा व्यवहार सुरळीत चालला. 'लय मजा हाय बगा,' ती एकदा म्हणाली. 'पोरं इचारत्यात, आई, रोज कसला सण?' माझ्याही पोटाला तो सणच होता. आणि आषाढ लागल्यावर सासूबाईंनी मला परसात, न्हाणीच्या भिंतीआड, भाकरी आणि ठेचा खाताना धरलं.

चोरी केली असती तर एवढा गहजब झाला नसता. भांडीवालीच्या घरची भाकरी! मला ओसरीवर उभं केलं. मामंजींनी झोपाळा पायाने थांबवला. ते मामलेदार असताना आरोपीला असंच उभं करत असावेत. 'आज कऱ्हाडला कळवते,' सासूबाई म्हणाल्या. 'दिवाळीची वाट बघण्यात काही अर्थ नाही.' हे दाराशी उभे होते आणि छपराचे वासे बघत होते.

मी खरं सांगितलं असतं, पण खरं सांगून झालं होतं.

'आषाढी एकादशी आली,' मी म्हणाले. 'या चातुर्मासात मी गव्हाचा नेम करणार आहे. चार महिने गहू वर्ज्य. जमेल का नाही ते आधी बघत होते.'

चातुर्मासात बायका काहीतरी सोडत: वांगं, कांदा, लसूण. गहू सोडल्याचं कोणी ऐकलं नव्हतं.

'चार महिने?' मामंजी म्हणाले. 'सणावारीसुद्धा?'

'हो.'

'गौरीला? दसऱ्याला?'

'हो.'

त्यांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच माझ्याबद्दलचा आदर पाहिला. विटाळाचं प्रकरण आंघोळ आणि पंचगव्य यांवर मिटलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून ज्वारी आली, आणि सासूबाईंनी स्वतः जाऊन भाकरीचा तवा आणला. आदल्या दिवशी जिच्यामुळे घराची अब्रू चालली होती, तीच भाकरी आता माझ्या पानात पाटावर बसून, तूप घेऊन येऊ लागली. कऱ्हाडला कोणी काही कळवलं नाही. भांडी घासणारी बाई मात्र नाराज झाली. 'तुमचा नेम आन् आमचा उपास,' ती मला भांड्यांच्या आवाजाआड म्हणाली. तिच्याशी माझ्याइतकं सरळ त्या घरात कोणीच बोलत नव्हतं, आणि माझ्याशी तिच्याइतकं.

दिवाळीत सगळ्यांनी करंज्या आणि शंकरपाळे खाल्ले, मी चकल्या आणि अनारसे खाल्ले. तांदळाला आणि डाळींना माझी ना नव्हती. बांगड्या मनगटावर थांबल्या. केस येऊ लागले. दिवाळीची मुदत टळली आणि मी निर्धास्त झाले.

नेमाची सांगता असते हे मी विसरले होते. जे सोडलं ते कार्तिकीनंतर सवाष्ण-ब्राह्मण जेवू घालून पुन्हा खायचं, तेव्हा नेम पुरा. मी भटजींना विचारलं, 'मी नुसता गहू दान केला आणि खाल्ला नाही तर?' ते म्हणाले, 'मग फळ नाही.' मला फळ नको होतं, पण ते घरातल्या सगळ्यांना हवं होतं. पुरणपोळ्या झाल्या. पोळीवर तूप मामंजींनी स्वतःच्या हाताने घातलं आणि सगळं घर माझ्याकडे बघत उभं राहिलं. मी खाल्ली. आग्रहाची दुसरीही खाल्ली. मार्गशीर्ष महिना मी अंथरुणात काढला.

या वेळी कऱ्हाडची मामेबहीण समाचाराला आली. ती माझ्या उशाशी बसली. तिने मला पाहिलं, मग खोली पाहिली. खोली तिला जास्त आवडली. 'उजेड चांगला येतो,' ती म्हणाली. खिडकीपाशी कपाट ठेवलं तर किती जागा राहील याचा तिने हाताने अंदाज घेतला. ती गेल्यावर मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, 'तिला कपाटांची हौसच आहे.'

मला वाचवलं ते मामंजींच्या न्यायबुद्धीने. ते हात मागे बांधून ओसरीवर फेऱ्या घालत होते.

'नेम होता तोवर प्रकृती होती,' ते म्हणाले. 'नेम सुटला, प्रकृती गेली. कार्यकारणभाव स्पष्ट आहे.'

तो होताच. मी अंथरुणातूनच म्हणाले, 'मग कायमचाच सोडते. काशीला सोडतात तसा.'

काशीला गेलेला माणूस एखादा आवडता पदार्थ तिथे कायमचा सोडून येतो. पण काशी लांब, आणि लढाईमुळे गाड्यांतून पलटणी जात होत्या, यात्रेकरूंना जागा नव्हती. मामंजींनी दोन दिवस विचार केला आणि तोडगा काढला. कृष्णेकाठच्या वाईला दक्षिण काशी म्हणतात. तिथे गाडी जाते. निदान वाठारपर्यंत जाते.

माघात आम्ही चौघं निघालो. मिरजेहून वाठार, तिथून कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार. उतारावर मोटार चाले, चढावर आम्ही. वाईच्या घाटावर एक वृद्ध उपाध्ये बसले होते. त्यांनी तपकीर ओढली, पळीपंचपात्र मांडलं आणि विचारलं, 'काय सोडायचंय?'

'गहू,' मी म्हणाले.

'कसला गहू?'

'सगळा.'

'रवा?'

'रवा, मैदा, कणीक, शेवया, कुरडया, सत्त्व. सगळं.'

त्यांनी माझ्याकडे, मग मामंजींकडे पाहिलं. 'मामलेदारसाहेब, पोर लहान आहे. नीट विचार करा. माझ्यासमोर शेकडो माणसांनी पदार्थ सोडले. लोक पडवळ सोडतात. कोणी घोसाळं सोडतं. फार तर फणस. गहू?'

'आमच्या घराण्यात अर्धवट काही होत नाही,' मामंजी म्हणाले.

'मग एक करू. प्रसादाचा अपवाद ठेवू. सत्यनारायणाचा शिरा, देवीची पुरणपोळी. देवाला नाही कसं म्हणणार?'

'बरोबर,' सासूबाई लगेच म्हणाल्या. 'प्रसाद नाकारायचा नसतो. तेवढं ठेवा.'

आमच्या आळीत महिन्याला दोन तरी सत्यनारायण होत, वर नवस फेडायचे ते वेगळे. एवढ्याशा शिऱ्याने मी आठवडाभर अंथरूण धरत असे. त्या अपवादातून बांगड्या पुन्हा कोपराला गेल्या असत्या, आणि खिडकीपाशी कपाट आलं असतं. मला गहू सोडून जगायचं होतं आणि उपाध्यांना आणि सासूबाईंना देव न दुखावता गहू सोडवायचा होता. चमचाभर शिऱ्यावर माझा सगळा संसार अडला होता.

मी पदर डोक्यावरून नीट घेतला. रागाने थरथरत होते. बघणाऱ्यांना ते भक्तीचं वाटलं असावं.

'अपवाद ठेवला तर तो त्याग कसला?' मी म्हणाले. 'देवासाठी सोडायचं आणि देवाच्याच नावाने खायचं? मग मी पडवळच सोडते. मामंजींनी सांगावं.'

उपाध्ये थांबले. घाटावर धुणं धुणाऱ्या बायकाही थांबल्या. ऐकणारे एवढे जमल्यावर मामंजींच्या आवाजाला आपोआप उंची येई.

'अपवाद नाही!' ते म्हणाले. 'निरपवाद!'

'अहो, पण प्रसाद...' सासूबाई म्हणाल्या.

'निरपवाद म्हटलं ना!'

उपाध्यांनी माझ्या ओंजळीत चिमूटभर गहू आणि पाणी दिलं. मी ते कृष्णेत सोडलं. साताऱ्यावरून सांगलीला जाणाऱ्या त्याच पाण्यात. यजमानांनीही काही सोडावं असं उपाध्यांनी सुचवलं. मामंजींनी पडवळ सोडलं. ते त्यांच्या पानात आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर माझी परात, तवा आणि जातं वेगळं झालं. गिरणीत गव्हावर दळलेली ज्वारी मला बाधते हे लवकरच कळलं, म्हणून घरीच दळायचं. कोणाचा कणकेचा हात माझ्या पिठाला लागला तर मला दोन दिवस भोगावं लागे. पण कारण सांगावं लागत नसे. 'माझं सोवळं आहे' म्हटलं की भलेभले मागे सरत. आमटी खाल्ली तरी कधी कधी बिघडे, त्याचा शोध पुष्कळ दिवस लागेना. हिंगाच्या खड्यात पीठ मिसळतात हे वाण्याने सहज बोलता बोलता सांगितलं. मी हिंगही सोडला. वाईला न जाता सोडला, तरी लोकांनी तोही माझ्या पुण्याईत धरला.

त्रास संपला असं मात्र नाही. ज्या घरी जावं तिथे माझ्या त्यागाचं कौतुक होई, आणि कौतुक करता करता वाटी पुढे येई. 'शेवयांची खीर आहे हो, दूधच सगळं.' 'रवा म्हणजे काही गहू नव्हे.' 'नुसती जिभेला लावा, देवाला कळत नाही.' देवाला कळत नसेल. मला संध्याकाळपर्यंत कळे. मी हात जोडून नाही म्हणे, आणि मी जितकी ठाम नाही म्हणे तितकी माझी कीर्ती वाढे. एका बाईने मुलीच्या परीक्षेआधी तिला माझ्या पाया पडायला आणलं. ती मुलगी पास झाली, तेव्हा आणखी दोघी आल्या.

कऱ्हाडच्या मुलीचं लग्न पुढच्या वर्षी झालं. कडेगावच्या एका बागाईतदाराच्या घरात पडली. ऊस, दोन विहिरी, उजेडाच्या खोल्या. सासूबाईंनी मला आग्रहाने बरोबर नेलं. माझं वजन आता असं होतं की मला दाखवण्यात त्यांना अभिमान वाटे. बांगड्या सरकवून बघा म्हणत, आणि त्या सरकत नसत.

बायकांची पंगत बसली. जिलेबी आली, पोळी आली. मी पानावर हात आडवा धरला. वाढणारी पुन्हा म्हणाली, 'घ्या हो, एक तरी.' हे पाहून मामंजी पुरुषांच्या बाजूने उठून आले आणि त्यांनी तिथेच उभं राहून जिभेवरच्या विजयाचं ते वाक्य म्हटलं, वाईच्या घाटासकट. सगळी पंगत जेवायची थांबली. समोरच्या दोघीतिघींनी हात जोडले. नवरी उठून, शालू सावरत, माझ्या पाया पडायला आली. ती खरोखरच खणखणीत होती आणि मला पहिल्याच भेटीत आवडली. आम्ही एका घरात सवती म्हणून राहिलो असतो तर बहुधा पटलंही असतं.

'वहिनी,' तिने डोळ्यांत पाणी आणून विचारलं, 'एवढा मोठा त्याग! सोडताना जीव कसा झाला हो तुमचा?'

तिच्याशी तरी खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

'त्याग कसला,' मी म्हणाले. 'मला पोळीने जुलाब होतात.'

तिने शालूच्या पदराने डोळे पुसले. मग मागे वळून आपल्या आईला म्हणाली, 'बघितलंस, आई? विनय तरी केवढा!'

तेवढ्यात भात आला. मी दोनदा घेतला.